दोघांचं बोलणारे मोकाशी

मोकाशीकाका स्टुडिओत आले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे. माइकला टिकटिक ऐकू जाते म्हणे. मी ते घड्याळ कानाला लावून पाहिलं होतं, मला काही ऐकू आलं नव्हतं, पण त्यांचा नेम म्हणजे नेम. अंगात सुती सदरा, कारण टेरिकॉट सळसळतं. खिशात ज्येष्ठमधाची काडी. फ्रीजमधलं पाणी कोणी पुढे केलं तर ते त्या माणसाकडे असं बघायचे की त्याने निमूट परत जाऊन ते बेसिनमध्ये ओतावं. आणि हे सगळं चालू असताना बोलणं अखंड. वर येईपर्यंत खालच्या शिंप्याला त्याच्या मुलीचं लग्न कसं ठरेल ते सांगून झालेलं असायचं, शिंप्याने विचारलेलं नसतानाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे वर्तकनगरातल्या एका जुन्या इमारतीतल्या तीन खोल्या. त्यातल्या एकीत भिंतींना गाद्या ठोकून आम्ही ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. आम्ही एक व्हिडिओ गेम बनवत होतो, मराठीतला, रोल-प्लेइंग पद्धतीचा. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळणारा त्यात कोणीतरी होऊन एका गोष्टीत हिंडतो. आमच्या गेममध्ये तो खाडीकाठच्या, मिठागरांच्या एका गावात हिंडायचा. वाटेत कोणी भेटून काही विचारलं की पडद्यावर तीन उत्तरं येतात, खेळणाऱ्याने त्यातलं एक निवडायचं आणि गोष्ट त्याप्रमाणे पुढे सरकते. ही उत्तरं लिहिणं माझं काम होतं.

वाद होता तो एवढाच की निवडलेलं उत्तर नायकाने मोठ्याने बोलून दाखवायचं, की नायकाला मुकाच ठेवायचा. केतकी, जिने ही कंपनी काढली, ती मुक्या नायकाच्या बाजूची.

“सायली, मी शाळेत असताना जे गेम खेळलेले ना, त्यात हिरो बोलायचाच नाही,” ती मला म्हणायची. “त्याचं उत्तर मी मनात म्हणायचे. माझ्या आवाजात. तो हिरो म्हणजे मीच असायचे यार. कोणीतरी भारदस्त बाप्या माझ्या वतीने बोलायला लागला की मी नुसती बघत बसते.”

पण ज्यांचं भांडवल होतं त्यांचं म्हणणं, हल्ली वाचायला कोणाला वेळ आहे, नायक बोललाच पाहिजे. मग तडजोड अशी झाली की पहिला भाग आवाजासकट करायचा, चार लोकांना खेळायला द्यायचा आणि मग ठरवायचं. त्या आवाजासाठी कोणीतरी शरद मोकाशींचं नाव सुचवलं.

मोकाशी राहायला डोंबिवलीला. नोकरी सरकारी कचेरीतली, तिथून निवृत्त झालेले. पण खरा जन्म गेला तो डबिंगमध्ये आणि ध्वनिक्षेपकावर. रविवारी परदेशी मालिकांतल्या राजांचे, पोलिसांचे आणि अस्वलांचे आवाज द्यायचे, आणि गणपतीत मंडळाच्या मंचावर बसून घोषणा करायच्या. त्यांचा एक किस्सा ते स्वतःच फार आवडीने सांगत. गर्दीत एक चिमुरडी हरवली होती. मंचावर आणली तर नाव सांगेना, तोंडच उघडेना. “मग म्हटलं, आपणच बोलू,” काका सांगायचे. त्यांनी माइक घेतला आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाले, आई, मी इथे गणपतीपाशी आहे, तू रडू नकोस. गर्दीतून एक बाई धावत आली. हा आपल्याच लेकीचा आवाज, अशी तिची पुढे कितीतरी वर्षं खात्री होती. हे सांगून झालं की काका खूश होऊन सगळ्यांकडे बघायचे, आणि आम्हीही हसायचो.

“आणि ती मुलगी?” केतकीने एकदा विचारलं.

“तिचं काय? ती शेवटपर्यंत गप्पच होती.”

नायकाच्या वादात ते अर्थातच बोलक्या पक्षाचे. “मुका हिरो हे काय खूळ आहे? माणूस गप्प बसला की समोरचा वाटेल ते समजतो. शांतता म्हणजे फुकट गेलेला टेक.” पुढे गेममध्ये नायकाऐवजी नायिकाही निवडता येणार होती, पण तिच्यासाठी बाई शोधायची होती. “बाई कशाला? मी करतो की,” काका म्हणाले, आणि लगेच बायकी आवाजात दोन वाक्यं अशी म्हणून दाखवली की केतकीने वळून दाराकडे पाहिलं.

दुसऱ्यांचं बोलायची त्यांना सवयच होती. खालच्या हॉटेलात गेलो की वेटरला आमच्या सगळ्यांची ऑर्डर तेच द्यायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, “हिला मिसळ नको. हिला पित्त होतं.” मला आयुष्यात कधी पित्त झालेलं नाही. पण ते इतक्या मायेने म्हणाले की मी गप्प बसले आणि तिथली मिसळ उत्तम असूनही सगळा उन्हाळा इडली खाल्ली. मी नोकरी सोडतेय असं आमच्या चहावाल्याला त्यांनीच परस्पर सांगितलं होतं, ते मात्र मला फारसं विनोदी वाटलं नव्हतं. बोलण्यात आणखी एक नाव सारखं यायचं, बायकोचं. वृंदा म्हणत होती, नायकाने जरा ठसक्यात बोलावं. वृंदा म्हणाली, त्या पोरींना घरी जेवायला आण. माझ्या डोळ्यांसमोर वृंदाकाकू म्हणजे काकांच्या वरताण बोलणारी एक ठसठशीत बाई उभी होती.

प्रत्येक प्रसंगाची तिन्ही उत्तरं एकामागोमाग रेकॉर्ड करायची. आम्ही त्यांना मऊ, सरळ आणि तिखट म्हणायचो. मऊ आणि सरळ काकांनी एका दमात केली. गाडी अडली ती तिखटाशी. गेममध्ये एक म्हातारी नायकाला म्हणते, बाबा, माझं मिठागर राखायला राहा. त्यावरचं तिखट उत्तर मी लिहिलं होतं, “नाही. मला जमणार नाही.” काका म्हणाले, “नाही गं आजी, मला कसं जमणार?” आणि पुढे एक उसासा सोडला.

“काका, ‘गं आजी’ स्क्रिप्टमध्ये नाहीये,” केतकी काचेपलीकडून म्हणाली.

“असू दे. बरं वाटतं.”

“बरं वाटायला नकोय ना. तोडून टाकायचंय तिला.”

“अगं, ऐंशीची म्हातारी आहे ती.”

“काका, ते चित्र आहे.”

“म्हणून काय झालं?”

पुन्हा केलं. ‘आजी’ गेली, पण ‘नाही’ काही नाहीसारखं येईना. चार लोकांना खेळायला दिलं तर सगळ्यांची एकच तक्रार. एक कॉलेजातली मुलगी वैतागून म्हणाली, “मी ‘नाही’ सिलेक्ट केलेलं. हा तर लाडात येऊन ‘हो’ बोलतोय. मग मला विचारता कशाला?” केतकीने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. काकांना हे सांगितलं तेव्हा ते खरोखर दुखावले. म्हणाले, “मी माणसासारखं बोललो. घरंदाज माणूस असं तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही.” दुसऱ्या दिवशी निरोप आला, वृंदाची तब्येत बरी नाही, काही दिवस येणं जमणार नाही. केतकीने मला लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी पाठवलं. स्वतः खेळून बघितलं तर आमचं म्हणणं त्यांना पटेल, असा तिचा हिशेब.

डोंबिवली पूर्वेला त्यांची इमारत शोधून मी वर गेले तेव्हा वीज गेली होती, म्हणून बेल वाजवता आली नाही. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून नवराबायकोचं बोलणं ऐकू येत होतं. काका म्हणाले, “साखर कमी घातलीय हं.” त्यावर एक स्वच्छ, जरा खट्याळ बायकी आवाज, “कमी म्हणजे किती हो? तुमच्या हाताला अंदाज कुठला?” काका हसले. मलाही बाहेर हसू आलं. मी दार ढकललं.

समोर खुर्चीत एक बारकी बाई बसली होती. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. काका तिच्या पुढ्यात बसून बशीतून चहा पाजत होते. “ये, ये सायली,” ते म्हणाले, आणि मग मान तिच्याकडे कलती करून, त्याच खट्याळ बायकी आवाजात, “किती उशीर केलास गं, आम्ही वाट बघत होतो.” काकूंचे ओठ हललेही नव्हते.

काही वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हा काकूंची वाचा गेली होती. काका त्यांचा जुना आवाज काढून त्यांचं बोलत होते. त्यांना त्यात वावगं काहीच वाटत नव्हतं. चहा पाजून झाल्यावर त्यांनी काकूंचं तोंड ओल्या रुमालाने पुसलं, केस सारखे केले, पाठीशी उशी दिली. त्या घरात औषधांचा वास नव्हता, काकूंचं पातळ परीटघडीचं होतं, नखं कापलेली होती. इतकी सेवा मी फार थोड्या नवऱ्यांना करताना पाहिली आहे.

घरात आणखी एक बाई होती, काकूंची धाकटी बहीण नलिनी, मोहने गावात राहणारी. दोघी बहिणी तिथेच, एका कारखान्याच्या कॉलनीत लहानाच्या मोठ्या झालेल्या. नलूमावशी एकटी होती आणि बहिणीला आपल्याकडे न्यायचं म्हणून महिनोन् महिने विचारत होती. आजही त्याचसाठी आली होती.

“भावजी, नदीच्या बाजूला घर आहे, हवा आहे. माझं काय, दिवसभर मोकळीच असते,” ती म्हणाली. “ताईला विचारा तरी.”

“विचारतो की.” काका काकूंकडे वळले. “वृंदा, जायचंय तुला नलूकडे?” आणि त्याच श्वासात काकूंचा आवाज, “नको गं नलू. मी इथेच बरी आहे. ह्यांच्याशिवाय मला करमायचं नाही.”

नलूमावशी उठली. मग पाणी देते म्हणून मला आत घेऊन गेली आणि ओट्याशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, “सुरुवातीला मला पण रडू यायचं. वाटायचं, ताईच बोलतेय. आता राग येतो. डॉक्टर म्हणालेले, हिला सगळं कळतं, फक्त वेळ द्या, ती काही ना काही करून सांगेल. हे कुठे वेळ देतात? तिने मान उचलायच्या आधी यांचं बोलून झालेलं असतं.”

वीज आली. मी लॅपटॉप काढला. काकांनी हौसेने तो काकूंच्याच पुढ्यात ठेवला, माउस त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवला. “बघ, तुझा नवरा हिरो झालाय.” काकूंनी खेळायला सुरुवात केली. संथ, पण चुकत नव्हत्या. म्हातारी भेटली, मिठागर आलं, आणि मग खाडीच्या कडेला होडीवाला भेटला. तो नायकाला विचारतो, पलीकडे येतोस का? परत येणं होईल न होईल. उत्तरं तीन. विचार करून सांगतो. इथे माझी माणसं आहेत. आणि तिसरं, मला इथे राहायचं नाही, चल, निघू.

काकूंनी तिसरं निवडलं. काकांचा आवाज घुमला, “मला इथे राहायचं नाही, चल, निघू,” पण असा रेंगाळत, असा ओल्या गळ्याने, की तो होडीवालाच म्हणाला असता, राहा बाबा इथेच. काकूंनी स्पीकरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डावा हात जरा उचलून पुन्हा माउसवर ठेवला. पुन्हा खेळायचं होतं त्यांना. मी तोच प्रसंग परत लावला. त्यांनी परत तेच उत्तर दाबलं.

“ते शेवटचं बटण तिच्या हाताला जवळ पडतं,” काका म्हणाले.

मी आवाज बंद केला आणि तिसऱ्यांदा प्रसंग लावला. आमच्या गेममध्ये उत्तरांची जागा अधूनमधून बदलते, लोकांनी वाचून निवडावं म्हणून. या वेळी ते वाक्य सगळ्यात वर आलं होतं. बाण खालून निघाला, मधल्या उत्तरावरून पुढे गेला आणि वर जाऊन थांबला. काकूंनी बटण दाबलं. खोलीत काहीच आवाज झाला नाही. पडद्यावर होडी हलली.

नलूमावशी बहिणीच्या खुर्चीजवळ खाली बसली. “ताई, मोहन्याला येतेस?”

“वृंदा म्हणतेय...” काकांनी सुरू केलं, आणि काकूंनी डावा हात उचलून तळवा त्यांच्यासमोर धरला. लहान मुलाला दूरच उभं राहा म्हणतात तसा. काका थांबले. आम्ही सगळेच थांबलो. काकूंचं तोंड हललं, काही उमटलं नाही, मान एकदा भलतीकडेच वळली. मग त्यांनी बहिणीकडे बघून मान हलवली. हो.

“पंखा वाढवू का?” काका म्हणाले.

जिन्यापर्यंत ते माझ्यामागे आले. चेहरा लाल झाला होता. “ते खेळणं परत आणू नकोस. खेळात माणूस काहीही दाबतं. त्याच्यावर संसार ठरवायचे का?”

मला त्यांचा संताप आला होता. म्हटलं, “काका, तुम्ही त्यांना कधी विचारलंत?”

“रोज विचारतो.”

“आणि उत्तर कोण देतं?”

त्यांनी कठडा धरला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मग बोलले ते अगदी साध्या, कसल्याही न कमावलेल्या आवाजात. “तिला दवाखान्यातून घरी आणली ना, त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि उत्तर आलं नाही. तुला नाही कळणार. मी दोघांचं बोललो म्हणून तर दिवस गेले गं. नाहीतर मी राहिलोच नसतो.” मग म्हणाले, “ती गेली तर मी कोणाचं बोलू?”

माझा राग तिथेच विरला असं म्हणणार नाही. मला त्यांची दया आली आणि रागही तितकाच राहिला, आणि लॅपटॉप छातीशी धरून मी खाली उतरले. घरी जाईपर्यंत माझ्या कानात तो बायकी आवाजच होता. आवाज हुबेहूब असेलही, पण वृंदाकाकू खऱ्या आयुष्यात तशा बोलायच्या का, की ते बोलणंही काकांनी आपल्याला हवं तसं केलं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे विचारायचा धीरही झाला नाही.

काही दिवसांनी नलूमावशी गाडी घेऊन आली आणि काकूंना मोहन्याला घेऊन गेली. काकांनी अडवलं नाही, असं तिनेच मला फोनवर सांगितलं. बॅग त्यांनी भरली, औषधांच्या वेळा तिच्याकडून पाठ करून घेतल्या, आणि गाडी सुटेपर्यंत ड्रायव्हरशी रस्त्यांबद्दल बोलत राहिले.

इकडे केतकीने निर्णय घेतला. नायक बोलणार नाही. भांडवलवाल्यांशी तिची जोरदार जुंपली, पण खेळून बघितलेल्या लोकांचं म्हणणं तिच्या बाजूने होतं. काकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “बरोबर आहे.” मी म्हटलं, होडीवाल्याचा आवाज तुम्ही करा, त्याला भरपूर बोलायचंय. “बघू,” म्हणाले. आले मात्र नाहीत. शिंपी अजून कधीमधी विचारतो, ते बोलणारे काका कुठे गेले म्हणून.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. नलूमावशीचा फोन आला होता की ताई शेजारच्या मुलाच्या कम्प्युटरकडे बोट दाखवते आणि होडी वल्हवल्यासारखा हात करते, तर तो तुमचा खेळ इथे लावून द्याल का. एका रविवारी मी मोहन्याला गेले. घर लहानसं, पुढच्या दारात ऊन आलेलं, आत भाजीला फोडणी दिल्याचा वास. काकू दाराशी खुर्चीत होत्या, पूर्वीपेक्षा जरा भरलेल्या. त्यांच्यासमोर स्टुलावर काका बसले होते. दर रविवारी येतात, असं मावशीने मला आधीच सांगितलं होतं. मला बघून त्यांनी मान डोलावली, ‘ये’ एवढंच म्हणाले. मी आत कोपऱ्यात, शेजारच्या मुलाने आणून ठेवलेला कम्प्युटर सुरू करत बसले.

थोड्या वेळाने काकांनी खुर्ची धरून स्टूल पुढे ओढलं. “वृंदा,” ते म्हणाले, “येतेस घरी?”

आणि थांबले. मी माझं काम सोडून बघत राहिले. त्यांचा गळा हलला, ओठ किंचित उघडले आणि त्यांनी ते मिटून घेतले. गुडघ्यांवर दोन्ही हात घट्ट दाबलेले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. बाहेरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज लांब जाऊन संपला, तरी ते बोलले नाहीत. काकूंनी डावा हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावरच्या हातावर ठेवला. मग मान डावीकडून उजवीकडे नेली, आणि परत.

काका आणखी थोडा वेळ तसेच बसले, तिचं अजून काही सांगायचं राहिलं असेल म्हणून.

“काय म्हणते ताई?” नलूमावशीने आतून विचारलं.

“नाही म्हणतेय,” काकांनी त्यांच्या स्वतःच्या आवाजात सांगितलं.